पाणी मागणाऱ्या मुलीला निळा खडू

मागच्या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या शिशुगटात एक नवी मुलगी आली होती, साडेतीन वर्षांची. रोज दहाच्या सुमाराला ती ताईंचा पदर ओढायची आणि म्हणायची, "नीळ्ळु." शिशुगटाच्या ताईही नव्याच. माहेर-सासर दोन्ही करमाळा तालुक्यातलं, त्यामुळे त्यांना ऐकू यायचं 'निळू'. त्या प्रेमाने डब्यातून निळा खडू शोधून तिच्या हातात द्यायच्या. ती खडू फेकायची. ताई उचलून पुन्हा द्यायच्या. मग रडणं. असं आठ-नऊ दिवस चाललं. ताईंनी वहीत नोंद केली : 'हट्टी आहे. रंग मागते पण दिले की फेकते.'

तेलुगूत नीळ्ळु म्हणजे पाणी.

आमची बालवाडी सोलापूरच्या पूर्व भागात आहे, अशोक चौकाच्या पुढे. इथली निम्म्याहून जास्त घरं तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या विणकरांची. बाप यंत्रमागावर, आई घरी सुपात पानं घेऊन विड्या वळणारी. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, पलीकडच्या आळीत कन्नड आणि उर्दू. मूल तीन वर्षांचं होऊन आमच्या दारात येतं तेव्हा त्याच्याकडे असते ती घरची भाषा. शहरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, म्हणून प्रत्येकाने बाटली घरून आणायची आणि ज्याच्याकडे नसेल त्याला डब्याच्या सुट्टीत व्हरांड्यातल्या माठातलं द्यायचं, असा आमचा नियम होता. नियम मीच केलेला. या मुलीकडे बाटली नव्हती.

उलगडा झाला तो योगायोगाने. मी व्हरांड्यात हजेरीपट घेऊन बसले होते. आतून रडण्याचा आवाज आला आणि झाडू मारणाऱ्या मावशी थांबून म्हणाल्या, "मोठ्या ताई, ते लेकरू पाणी मागालंय की."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तेलुगूत बोलालंय ना. नीळ्ळु म्हंजे पाणी."

"कधीपासून माहितीय तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासनं. हात धुवायला नेताना मी देते की गुपचूप."

"मग ताईंना का नाही सांगितलं?"

मावशी झाडूकडे बघत म्हणाल्या, "त्या शिकवालेत. मधी मी कशाला बोलू? आपलं काम सोडून बोलती म्हणतील."

त्या रात्री मला झोप लागली नाही. एकोणीस वर्षं मी या कामात आहे. नव्या ताईंना शब्द कळला नाही यात त्यांचा काही दोष नाही, कोणाचाच नाही. मला लागलं ते वेगळं. एका भिंतीच्या आत, वीस पावलांच्या अंतरावर, एका बाईला प्रश्न पडला होता आणि दुसऱ्या बाईकडे उत्तर होतं. नऊ दिवस ते उत्तर तिथपर्यंत पोचलं नाही. आणि या दोघींच्या मधे मोठ्या ताई म्हणून बसलेली मी होते.

आमच्याकडे बैठका होत नव्हत्या असं नाही. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी व्हायची. मी बोलायची, तिघी ताया वहीत लिहून घ्यायच्या. सणांच्या तारखा, फी, पालकसभा, स्नेहसंमेलनातले नाच. मावशी चहा करून आणायच्या आणि कप गोळा करायला पुन्हा यायच्या. दोन्ही मावशींना मी कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. एकाहत्तर मुलांना रोज हात धुवायला, शूला नेणाऱ्या, चपला घालणाऱ्या, रडणाऱ्याला कडेवर घेऊन फिरणाऱ्या या दोघी, आणि मुलांबद्दल बोलायची वेळ आली की त्या स्वयंपाकघरात.

त्यानंतर आम्ही जे सुरू केलं त्याला आमच्यात 'कट्टा' म्हणतात. मुलं गेल्यावर व्हरांड्याच्या कट्ट्यावर सहाही जणींनी वीस मिनिटं बसायचं आणि फक्त मुलांबद्दल बोलायचं. तारखा नाहीत, फी नाही.

हे ऐकायला जितकं सोपं आहे तितकं जमायला नव्हतं. पहिली अडचण वेळेची, आणि ती अगदी खरी होती. शिशुगटाच्या ताईंची जुळे सोलापूरकडे जाणारी बस ठरलेली. लहान गटाच्या ताईंचा मुलगा साडेबाराला शाळेतून यायचा आणि घराला कुलूप. मोठ्या गटाच्या ताईंनी तर तोंडावर विचारलं, "हे वीस मिनिटं पगारात धरणार का?" मला आधी राग आला. घरी गेल्यावर कळलं की प्रश्न रास्त होता. बालशिक्षणात काम करणाऱ्या बायकांच्या जिव्हाळ्यावर आपण नेहमी फुकटचे तास उभे करतो. 'मुलांसाठी' म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही, आणि मग मनात साठत जातं. म्हणून संस्थेच्या मंडळींशी बोलले आणि मंगळवार-शुक्रवार शाळा वीस मिनिटं आधी सोडायची परवानगी घेतली. म्हणजे कट्टा कामाच्या वेळेतच बसतो.

त्यावर पालक नाराज. वीस मिनिटांत किती विड्या वळून होतात ते त्या आयांना विचारावं. पालकसभेत मी त्यांना नीळ्ळुची गोष्ट जशीच्या तशी सांगितली, काही न लपवता. मागच्या रांगेतली एक आजी उठून तेलुगूत काहीतरी बोलली. मावशींनी अर्थ सांगितला : "बसा म्हणते. आमच्या लेकरांचंच बोलणार ना, बसा म्हणते."

दुसरी अडचण अशी की बसलो तरी बोलेना कोणी. ठरलं होतं की आधी मावशी बोलतील, मग ताया, सगळ्यात शेवटी मी. क्रम मुद्दाम असा ठेवला, कारण मोठ्या माणसाने एकदा मत दिलं की बाकीच्या त्याला मान डोलावतात. हे मी स्वतः कितीतरी वर्षं केलं आहे. पण पहिले तीन कट्टे मावशींचं एकच वाक्य : "काय नाही ताई, सगळं बरं हाय." चौथ्या वेळी मी प्रश्न बदलला. 'काही सांगायचंय का' हे सोडून दिलं आणि विचारलं, "आज हात धुताना सगळ्यात मागे कोण राहिलं?" धाकट्या मावशी पटकन बोलल्या. नाव सांगितलं, मग ते मूल मागे का राहिलं ते सांगितलं, मग त्याच्या बुटाचा बंद, मग घरी कोण बांधून देतं... सहा मिनिटं त्या बोलत होत्या. तेव्हापासून आमचे प्रश्न असेच असतात. आज डबा कोणाचा तसाच परत गेला? कोण एकटं बसलं होतं? दारात आईचा हात सोडताना कोणाला सगळ्यात जास्त वेळ लागला? अशा प्रश्नाला बघितलेलं सांगावं लागतं, आणि मावशी दिवसभर बघतच असतात.

तिसरी गोष्ट मी जुन्या प्रशिक्षणात शिकले होते पण कधी पाळली नव्हती. 'दिसलं' वेगळं आणि 'वाटलं' वेगळं. 'हट्टी आहे' हे वाटलं. 'दहा वाजता खडू फेकला, काल पण दहालाच फेकला' हे दिसलं. शिशुगटाच्या वहीत त्या जूनमध्ये दिसलेलं लिहिलं असतं तर रोज एकच वेळ आपोआप समोर आली असती आणि कोणीतरी विचारलंच असतं की दहाला काय होतं. आता कट्ट्यावर आधी दिसलेलं सांगायचं. 'तो ना जरा तसाच आहे' अशी सुरुवात झाली की कोणीही हात वर करून 'दिसलं सांगा' म्हणू शकतं. मलाही म्हणतात. धाकट्या मावशींनी पहिल्यांदा मला थांबवलं तेव्हा सगळ्या क्षणभर गप्प झाल्या. मी वाक्य बदलून पुन्हा सांगितलं.

याचा उपयोग काय झाला ते एका मुलाच्या बाबतीत सांगते. लहान गटातला, चार वर्षांचा. चावायचा. ऑगस्टमध्ये त्याने चार मुलांना चावे घेतले, त्यात एकीच्या दंडावर दातांचे वण उठले. पालक दारात येऊन भांडून गेले. लहान गटाच्या ताई रडकुंडीला आल्या होत्या. त्याला रांगेत सगळ्यात पुढे उभं करून झालं, मागे उभं करून झालं, समजावून झालं, आईला बोलावून झालं.

आम्ही दोन शुक्रवार फक्त त्याच्यासाठी दिले. लहान गटाच्या ताईंनी सांगितलेलं दिसलं असं : सातपैकी सहा वेळा चावा रांगेत, आणि ज्याला चावला तो प्रत्येक वेळी मागून आलेला किंवा मागून हात लावलेला. मोठ्या मावशी म्हणाल्या, "नळापाशी या बाजूनं हाक मारली की वळत नाही. त्या बाजूनं मारली की लगेच वळतो." आणि शिशुगटाच्या ताई, ज्यांचा त्या मुलाशी तसा संबंधच नाही, फक्त सगळ्यांना एकत्र बसवून गाणी घेतात तेवढा, त्या जरा दबकत म्हणाल्या, "गाण्यात तो हातवारे सगळ्यांच्या मागून करतो. आधी शेजारच्याकडे बघतो, मग करतो."

कट्ट्यावर शांतता झाली. तिघींनी आपापला तुकडा आधीच पाहिलेला होता, कोणी आठ दिवसांपूर्वी, कोणी महिन्यापूर्वी. तुकडे शेजारी ठेवल्यावर सगळ्यांना एकदमच कळलं. त्याच्या आईला मी बोलावलं, यावेळी तक्रार न करता, आणि कान दाखवून घ्यायला सांगितलं. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं. लहान मुलांत सर्दी-खोकल्यानंतर असं होतं आणि ऐकू कमी येतं. औषधं झाली, पुन्हा तपासणी झाली. ज्याला मागून येणारं माणूस ऐकूच येत नाही त्याला अचानक पाठीवर हात पडला तर तो दचकणारच. आम्ही सगळ्यांनी ठरवलं की त्याच्याशी समोर जाऊन, खाली बसून बोलायचं. दिवाळीपर्यंत तरी तो दोनदा चावलाच. नंतर बंद झालं.

पालकांकडून येणाऱ्या निरोपांचं मात्र आम्ही एका दिवसात मार्गी लावलं, कारण एका प्रसंगाने मला घाबरवलं होतं. सकाळी एका आईने दारात धाकट्या मावशींना सांगितलं, "आज मामा न्यायला येईल." मावशींनी शिशुगटाच्या ताईंना सांगितलं. त्यांना त्या दिवशी लवकर जायचं होतं, त्या गेल्या. सुट्टीला मोठ्या गटाच्या ताई दारात. मामा आला, त्यांनी मूल द्यायला नकार दिला. त्यांचं बरोबरच होतं, अनोळखी माणसाच्या हाती मूल द्यायचंच नसतं. पण मामा चिडला, मूल भेदरलं, आई माग-कारखान्याच्या फोनवरून कशीबशी सापडली. दुसऱ्या दिवशी मी जुना फळा दाराच्या आतल्या बाजूला टांगला. दारात कानावर पडलेलं सगळं त्यावर लगेच लिहायचं : मुलाचं नाव, निरोप, कोणी घेतला. मोठ्या मावशींना मराठी लिहिताना अडतं. त्या शेजारी असलेल्या ताईंकडून लिहवून घेतात आणि ती लिहीपर्यंत तिथून हलत नाहीत. सुट्टीला दारात जी कोणी असेल तिने फळा वाचूनच फाटक उघडायचं.

व्हॉट्सॲपच्या गटाबद्दल थोडक्यात. एकदा रात्री दहा वाजता मी त्यावर लिहिलं होतं, 'उद्यापासून सर्वांनी वेळेवर यावे.' मला एकीलाच सांगायचं होतं. सकाळी चार जणी दुखावलेल्या चेहऱ्याने आल्या, आणि जिला सांगायचं होतं तिला वाटलं ते दुसऱ्या कोणासाठी आहे. आता त्या गटावर फक्त सुट्ट्या आणि तारखा. माणसाबद्दलचं बोलणं माणसासमोर, आणि एकटीशीच.

आता सगळ्यात अवघड भाग. मोठ्या गटाच्या ताई आणि लहान गटाच्या ताई यांच्यात दीड वर्ष अबोला होता. अगदी पूर्ण अबोला नव्हे, 'त्यांना सांगा कात्र्या परत पाठवा' असा मावशींमार्फत चाललेला. एकीच्या कपाटाची किल्ली कमरेला, दुसरीच्या खोलीत क्रेप कागदाचे गठ्ठे पडून. वरवर भांडण कात्र्यांचं, डिंकाच्या बाटल्यांचं, अंगणातली वाळू आधी कोणाच्या मुलांना मिळणार याचं. आतलं भांडण अक्षरांचं होतं.

मोठ्या गटाच्या ताई पंधरा वर्षांच्या अनुभवी. त्यांच्या दारात पालक रोज उभे : पहिलीला घालायचंय, अजून नाव लिहिता येत नाही, शेजारची पोरगी एबीसीडी पूर्ण लिहिते. त्यांना वाटायचं लहान गटात नुसता खेळ चालतो आणि पेन्सिल न धरता येणारी मुलं वर्षाच्या शेवटी आपल्या गळ्यात पडतात. लहान गटाच्या ताईंना वाटायचं की आपण मातीने, मणी ओवून, कागद फाडून ज्या बोटांत बळ आणतो तीच बोटं मोठ्या गटात जाऊन चौकटीच्या वहीत अवघडतात. दोघी मुलांच्या भल्याचंच बोलत होत्या. मी मिटेल आपोआप म्हणून बघत राहिले. दीड वर्ष! हे माझं चुकलं. न बोललेलं भांडण मुलांपर्यंत पोचतं. लहान गटातली मुलं मोठ्या गटाच्या खोलीत जायला घाबरत होती, आणि कारण कोणी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

शेवटी सप्टेंबरमध्ये मी दोघींना तीन दिवसांसाठी गट बदलायला सांगितलं. ताईंनो, चूक-बरोबर नंतर, आधी तीन दिवस. मोठ्या गटाच्या ताईंनी लहान गटात झेंडूची फुलं ओवून घेतली आणि तिसऱ्या दिवशी कट्ट्यावर म्हणाल्या, "सुई नाही, नुसती दोऱ्याची वळलेली टोकं, तरी एका पोराने अकरा फुलं ओवली. माझ्याकडे त्याचा भाऊ पेन्सिल धरत नाही म्हणून मी याच वर्षी त्याला रागावले होते." लहान गटाच्या ताईंनी मोठ्या गटाच्या दारात पालक अनुभवले. "पहिल्याच दिवशी सहा आया. एकीने तर पाटी काढून दाखवली, घरी मारून लिहून घेतलेली. काय बोलायचं तेच सुचेना मला," म्हणाल्या.

मग आम्ही एकत्र वाचायला बसलो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे : बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. त्यावर २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा खेळातून शिकण्यावर भर देतो. मी त्यातली पानं मोठ्याने वाचली. याचा फायदा असा की बोलणं 'तुमचं मत-माझं मत' यातून बाहेर आलं. दोन्ही गट एकाच टप्प्याचे भाग आहेत असं कागदावर दिसल्यावर 'तुमची मुलं, माझी मुलं' म्हणायला जीभ अडखळते. ठरलं ते असं : लहान गटात वही नाही. मोठ्या गटात आधी वाळू, पाटी, रांगोळी, जमिनीवर खडू. वही जानेवारीनंतर, आणि तीही ज्याचा हात तयार आहे त्यालाच. पालकांशी या विषयावर दोघींनी शेजारी बसून बोलायचं, एकटीने नाही. हा शेवटचा मुद्दा मोठ्या गटाच्या ताईंनी घातला. त्या इतकी वर्षं त्या दारात एकट्या उभ्या होत्या हे मला तोपर्यंत दिसलंच नव्हतं.

जानेवारीत गड्ड्याच्या निमित्ताने त्यांनी पहिल्यांदा एकत्र काम केलं. सोलापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते : संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा भरते, सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये, आणि यात्रेला लोटणारं शहर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं बोलणारं. आमच्या मुलांना हे सगळं आईच्या कडेवरून माहीत असतं. मोठ्या गटाने बांबूच्या कामट्यांना रंगीत कागद गुंडाळून सात काठ्या केल्या. लहान गटाने माळा ओवल्या. शिशुगटाने बोटांच्या ठशांनी बाशिंगं रंगवली. कपाटाची किल्ली तीन दिवस टेबलावर पडून होती. अंगणात मिरवणूक निघाली तेव्हा एकाहत्तर मुलांनी एकदम 'हर्र बोला हर्र' म्हटलं आणि नीळ्ळुवाली मुलगी काठीला हात लावायला मिळावा म्हणून मोठ्या गटाच्या ताईंचा पदर ओढत होती. त्यांनी तिला तेलुगूत 'दा' म्हटलं, ये. तेवढा एकच शब्द त्यांना येतो, पण तो त्यांनी मावशींना विचारून घेतला होता.

किल्ली नंतर पुन्हा कमरेला गेली, हेही सांगायला हवं. उघड्या कपाटातून दोन कात्र्या आणि रंगाचा एक डबा हरवला आणि ताईंचं म्हणणं पडलं की हिशेब कोणीतरी ठेवायलाच हवा. आता किल्ली खिळ्याला असते आणि काय नेलं ते लिहायचं. कधी लिहिलं जातं, कधी नाही.

या सगळ्यात मला वारंवार बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. १९४५ साली बोर्डीला दोघी एकत्र आल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते काम वाढलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आपल्याला तिथून मिळाला. दोघींचं शिक्षण वेगळं, आयुष्यं वेगळी, वयात मोठं अंतर. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, अनुताई १९९२ पर्यंत तेच काम करत राहिल्या. त्या दोघी कामातून उठून संध्याकाळी एकमेकींशी काय बोलत असतील, कुठे अडत असतील, याचा मी खूप विचार करते.

शेजारच्या गल्लीतल्या अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस अशा दोघीच. त्या सेविका मला म्हणाल्या, "आम्हाला कट्टा कशाला, आम्ही दोघीच तर आहोत." पुढच्या वेळी भेटल्या तेव्हा स्वतःच म्हणाल्या, की दिवसभर रजिस्टर, आहार, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवरच्या नोंदी यात मदतनीसबाईंशी मुलांबद्दल बोलणं झालंच नाही असे आठवडे जातात. आता कुलूप लावल्यावर दोघी चौकापर्यंत चालत जातात आणि वाटेत एका मुलाबद्दल बोलतात. रोज एक मूल. मला ही पद्धत आमच्या कट्ट्यापेक्षाही आवडली.

यंदा शाळा उघडायच्या आधीचे दोन दिवस आम्ही मुलांशिवाय एकत्र घालवले. बाहेर उन्हाचा कडाका अजून उतरलेला नाही, पंख्याखाली सतरंजी टाकून सहा जणी. एक ताई पुन्हा नव्या आल्या आहेत, शिशुगटालाच. पाण्याचा नियम मी काढून टाकला. माठ आता वर्गात आहे, मुलाच्या उंचीच्या स्टुलावर, ओगराळं बांधलेलं.

आणि मोठ्या मावशींनी एक तक्ता सांगितला, ताईंनी लिहिला. पहिली ओळ पाण्याची : पाणी, नीळ्ळु, नीरु, पानी. मग भूक, दुखतंय, नको, आई. 'शू'च्या ओळीपाशी आलो तेव्हा मावशींनी तेलुगूतलं 'ओंटिकी' सांगितलं, धाकट्या मावशींनी कन्नडमधलं 'ओंदक्के', आणि लहान गटाच्या ताई एकदम म्हणाल्या, "अहो, आपण नाही का म्हणत, एकीला जाऊ का? तिन्ही भाषांत एकच!" सगळ्या पुन्हा पुन्हा म्हणून बघत होत्या. मोठ्या मावशी मात्र नव्या ताईंच्या शेजारी सरकून बसल्या आणि त्यांच्याकडून दोन शब्द घोटून घेत होत्या.

"ओंटिकी म्हंजे शूला. इंटिकी म्हंजे घरी. पोरगं ओंटिकी म्हणालं तर समजूत काढत बसू नका ताई, पळत न्या."

नव्या ताईंनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "मावशी, पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या वर्गात थांबाल का?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही.

"थांबते की," मावशी म्हणाल्या. "पण नळापाशी कोण जाणार, ते आधी ठरवा."

त्यावर आम्ही अर्धा तास बोलत होतो.